तान्ह्या पोळ्यातलं विमान

तान्ह्या पोळ्याला आमच्या आळीत पोरांची रांग निघते. लाकडी बैल, त्याला चाकं, शिंगांना बेगड आणि ओढायला दोरी. पोरं दारोदार बैल फिरवतात. घरची बाई बैलाचे पाय धुते, कुंकू लावते आणि पोराच्या हातावर बोजारा ठेवते, कुठं करंजी, कुठं लिमलेटच्या गोळ्या. आता या रांगेत साठी उलटलेला माणूस उभा राहिला तर त्याला काय म्हणायचं? आणि त्याच्या दोरीला बैलाऐवजी प्लास्टिकचं विमान असलं तर? आम्ही त्याला किसनभाऊ म्हणायचो. विमानाला मागची दोन चाकं होती, पुढचं नव्हतं. नाक घासत, खरखर करत ते विमान आमच्या मालेगावात फिरायचं. मालेगाव म्हणजे आमचं, वाशीमजवळचं.

किसनभाऊंची आणि माझी भिंत एक. एसटीत ड्रायव्हर होते, सगळा जन्म मेडशीच्या रस्त्यावर गेला. रिटायर झाले त्याच सुमारास बायको वारली. मुलगा मेकॅनिक, कुवेतला. त्या काळी वाशीम अकोला जिल्ह्यात होतं, आणि कुवेत कुठं आहे हे आमच्या आळीत कुणालाच सांगता आलं नसतं. सून आणि नातू बंड्या मात्र किसनभाऊंपाशीच होते. सुटीवर येणाऱ्या कुणाच्या तरी हाती मुलानं बंड्यासाठी एक खोका पाठवला. वर झकास विमानाचं चित्र, आत सगळे तुकडे, प्लास्टिकच्या चौकटीत अडकलेले, आणि चिकटवायला एक ट्यूब.

"विमान मोडून काहून पाठोलं रे यानं?" किसनभाऊ खोका घेऊन माझ्याकडे आले. "सुधाकर, तुले इंग्रजी येते ना? वाच."

कागद बघितला. इंग्रजी नव्हतंच ते, कुठली लिपी होती देव जाणे. मग दोघं आजा-नातू ओट्यावर बसले, तुकडे सुपात ओतले आणि चित्र बघत जोडत गेले. नियम असा ठरला की सगळं आजोबांनी चिकटवायचं, शेवटचा तुकडा मात्र बंड्यानं. तो लागल्याशिवाय विमान झालं असं म्हणायचं नाही. त्या वर्षी तान्ह्या पोळ्याला बंड्यानं बैलाऐवजी तेच विमान काढलं, आजोबा मागे मागे. आळीनं डोक्यावर घेतलं पोराला.

खोके येत गेले, तसे किसनभाऊ कारागीर होत गेले. पण ड्रायव्हरचा हात. एका मोटारीचं स्टिअरिंग डावीकडे निघालं, तर ते त्यांनी ब्लेडनं कापून उजवीकडे बसवलं. "डाव्या अंगाले बसून मेडशीच्या वळणावर समोरचा ट्रक दिसन काय?" प्रवासी विमानाच्या टपावर त्यांनी तारेची जाळी बसवली. का, तर लोक धान्याची पोती कुठं ठेवतील? कपाळावर पाटी रंगवली, मेडशी–वाशीम. ही पाटी प्रत्येक विमानावर. दुसऱ्या कुठल्या रूटवर त्यांचा विश्वासच नव्हता.

एक शब्द त्यांच्या तोंडी बसला होता, "वाळू द्या." जोडलेल्याला हात लावू नये, वाळू द्यावं. ठीक आहे, पण हा माणूस तेच जगाला लावायचा. मी आणि माझा भाऊ वाटणीवरून अंगणात हातघाईवर आलो होतो, तर हे भिंतीवरून डोकावून म्हणतात, "वाळू द्या ना बाप्पा, मंग हात लावा." बायको रुसून माहेरी किन्हीराजाला गेली तेव्हाही तेच. मी चिडलो होतो त्यांच्यावर. बायको आली आपणहून, ते सोडा.

मग मुलानं बायको-पोराला कुवेतला नेलं. बाबांचा वेळ जावा म्हणून खोके पाठवत राहिला. किसनभाऊ जोडत राहिले, पण प्रत्येकात शेवटचा तुकडा बाकी ठेवून. फळीवर लंगड्या विमानांची आणि बिनदाराच्या मोटारींची रांग लागली. लोक हसायचे. म्हातारा विसरभोळा झाला म्हणायचे.

"ते बंड्याचं काम हाये," किसनभाऊ सांगायचे. आणि पोळ्याला स्वतः रांगेत उभे राहायचे. "त्याची जागा हाये थे. खाडा नोको पडाले."

पुढे एका दिवाळीला बंड्या आई-बापासोबत आला. उंच झाला होता, पायात बूट, बोलणं निम्मं हिंदी. किसनभाऊंनी फळीवरचं सगळं ओट्यावर मांडलं, पहिल्या लंगड्या विमानाचं चाक त्याच्या हातात दिलं आणि ट्यूब दाबली. काही येईना. नव्या खोक्यांतल्या ट्यूबा वापरून संपवल्या होत्या, बंड्याच्या हातची म्हणून ही जुनीच जपून ठेवली होती त्यांनी. टाचणीनं टोचली, चुलीपाशी धरली. आतलं दगड झालं होतं.

"रहने दो ना, आजोबा," बंड्या म्हणाला. "माझ्याकडे तिकडे बॅटरीवाला प्लेन आहे. अपने आप चलता है." पोरगं वाईट नव्हतं हो. कंटाळलं होतं, इतकंच. दुसऱ्या दिवशी सगळे सुनेच्या माहेरी निघून गेले.

मला फार वाईट वाटलं. सायकलवाल्याकडून पंक्चरचं सोल्युशन आणलं आणि म्हटलं, "आणा ते चाक, आत्ता लावतो."

"नाही सुधाकर. त्याचा हात लागाचा हाये." चाक त्यांनी रुमालात बांधलं आणि खिशात टाकलं.

पुढचा तान्हा पोळा आला. "यंदा कशाला येतात ते," मी बायकोला, शालूला म्हणालो. ती ताट-तांब्या घेऊन उंबऱ्यात बसली. पोरांचे बैल येऊन गेले, आणि शेवटी ती खरखर ऐकू आली. खाकी कोट, हातात दोरी. शालूनं दोन चाकांवर पाणी घातलं, कुंकू लावलं आणि हात तसाच पुढे धरला.

"काकाजी, तिसरं?"

किसनभाऊंनी मग खिशातून रुमाल काढून गाठ सोडली. चण्याएवढं चाक. शालूनं तेही धुतलं, बोटाच्या टोकानं कुंकू लावलं, बंड्याची म्हणून वेगळी करंजी दिली आणि चाक पुसायला पदर पुढे केला.

"पुसू नोको, पोरी," किसनभाऊ म्हणाले. "वाळू दे."

पोरं केव्हाच पुढच्या दारी गेली होती. किसनभाऊ चाक तळहातावर घेऊन आमच्या अंगणात उन्हात उभे राहिले.