रुमालाखालचं अर्थशास्त्र

बाजारात भाव कसा ठरतो हे अख्ख्या अमरावतीत फक्त चार माणसांना कळत होतं! एक आमचे अर्थशास्त्राचे प्रोफेसर, आणि बाकीचे तीन आम्ही विद्यार्थी. वर्गात आम्ही तिघेच होतो. कॉलेजच एवढंसं होतं की संस्कृतच्या वर्गात कुणी शिंकलं तर इतिहासाचा तास थांबायचा.

तिघेच असल्यामुळे प्रोफेसर रोज दारात उभे राहून प्रत्येकाशी हात मिळवत. शिकलेल्या माणसानं समोरच्याचा हात घट्ट दाबावा, म्हणजे त्याला आपल्याबद्दल भरवसा वाटतो, असं त्यांचं म्हणणं. मी ही विद्या इतकी मनावर घेतली की माझ्याशी हात मिळवून झाला की प्रोफेसर थोडा वेळ खडू डाव्या हातात धरायचे.

आमचं घर नांदगाव पेठेला. संत्र्यांची बाग. माझे वडील खुशालराव दर हंगामात अमरावतीच्या बाजारात माल विकत, आणि तो विकत रुमालाखाली. म्हणजे कसं, अडत्या, म्हणजे मधला दलाल, दोघांच्या हातांवर रुमाल टाकतो, घेणारा देणाऱ्याची बोटं दाबून भाव सांगतो, आणि बघणाऱ्याला काही कळत नाही. बोटांनी भाव सांगतात एवढं मलाही माहीत होतं. बाकी रुमालाखाली काय चालतं ते बाप पोराला सांगत नव्हता, आणि पोरगा बी.ए.च्या वर्गात असल्यामुळे विचारत नव्हता.

दिवाळीच्या सुट्टीत मी जेवताना भाषण ठोकलं. ही रुमालाची रीत म्हणजे अडाणीपणा आहे, माल उघड्यावर मांडावा, भाव उघड बोलावा, मागणी वाढली की किंमत आपोआप चढते. माय भाकर थापता थापता कौतुकानं बघत राहिली. वडिलांनी हात धुतले आणि म्हणाले, "ठीक हाय. यंदाचा माल तू इक. नीट इकला त शिक बी.ए. होईपर्यंत. नाही त पुस्तकं ठिऊन दे अन् बागेत ये. मी मधात एक शब्द बोलत नाही."

मला तर हसूच आलं. भीती होती ती एकाच गोष्टीची, बागेत परत यायची. कॉलेज सोडून रोज संत्र्याच्या झाडांभोवती आळी खणायची! पण बाजार म्हणजे आपला विषय! मी रात्री निवांत झोपलो.

सकाळी आमची गाडी बाजारात लागली. वडील ठरल्याप्रमाणे पलीकडे निंबाखाली आमच्याकडे पाठ करून तंबाखू मळत बसले. मी गाडीवर चढून खणखणीत आवाजात सांगितलं, की आज रुमाल नाही, ज्याला जो भाव द्यायचा तो त्यानं सगळ्यांसमोर बोलावा.

व्यापारी माझ्याकडे बघत, मग गाडीकडे बघत, मग दुसऱ्याच्या गाडीकडे जात. उन्हं चढायला लागली. संत्री तापायला लागली, आणि मी त्यांच्याहून जास्त. शेवटी आमचे जुने अडते नत्थुजी जवळ आले आणि हळूच म्हणाले, "टाकू काय रुमाल?"

काय करता! टाका म्हटलं.

पहिला आला देवीदास, राजापेठेतला फळवाला. त्यानं रुमालाखाली माझी बोटं धरली, इकडे दाबलं, तिकडे दाबलं. भाव मला धड कळला नाही. पण तो आपण होऊन आला होता, त्याला भरवसा वाटायला हवा. मी त्याचा अख्खा हात धरून प्रोफेसरांनी शिकवल्यासारखा घट्ट दाबला. देवीदास माझ्याकडे बघतच राहिला आणि लगबगीनं निघून गेला. मी मनात म्हटलं, प्रभाव पडला.

मग आले शेषराव, बडनेऱ्याचे. त्यांचाही हात दाबला. मग अकोल्याचे भगवंतराव, मोठे व्यापारी, त्यांचा तर जरा जास्तच दाबला. तेही खुशीत गेले. नत्थुजी रुमाल धरून उभे होते, त्यांचा चेहरा हळूहळू उतरत चालला होता. मला वाटलं, म्हाताऱ्याला ऊन लागलं.

थोड्या वेळानं देवीदास हमाल घेऊन आला. पाठोपाठ शेषरावांचे हमाल आले. मग भगवंतरावांची गाडीच आली, आणि तिघांची माणसं एकाच गाडीतली संत्री तीन बाजूंनी ओढायला लागली. संत्री खाली सांडली, एक बैल ती खायला लागला, आणि तिघेही एकमेकांना चोर म्हणायला लागले.

"अहो, थांबा," मी गाडीवर चढून ओरडलो. "मागणी तीन आहे, पुरवठा एक आहे! आता भाव चढवा!"

मग भगवंतराव शांतपणे म्हणाले, "भाऊ, माल एक अन् जबान तिघाले? आमाले हात काहून देला?"

तेव्हा नत्थुजींनी मला गाडीवरून खाली घेतलं आणि कानात सांगितलं. रुमालाखाली अख्खा हात दाबला की सौदा पक्का. मी तीन वेळा पक्का केला होता. "अन् देवीदासले कोणत्या भावात देला तू?" ते रडवेल्या आवाजात म्हणाले. "अरे, पयला भाव कमीच लावतेत, तो नुसता रामराम असते!"

"मी पण रामरामच केला होता," मी म्हटलं.

वडिलांना उठून यावंच लागलं. ते कोणाशी भांडले नाहीत. बाजारात दिलेला हात मागे घेता येत नाही म्हणाले. गाडीतला माल देवीदासला त्याच्या रामरामच्या भावात गेला. शेषराव आणि भगवंतरावांना झाडावरचा हिरवा माल पिकल्यावर त्यांच्याच भावात द्यायचा ठरला. सबंध हंगाम मी दुपारच्या जेवणाआधी विकून मोकळा झालो होतो. नत्थुजींनी आपली अडत, म्हणजे दलालीसुद्धा घेतली नाही. रुमाल झटकला आणि घडी करून खांद्यावर टाकला.

परतताना वडील बैल हाकत होते आणि मी रिकाम्या गाडीत मागे बसलो होतो. मला रडू येत होतं. संपलं कॉलेज, संपली बी.ए. मी मनातल्या मनात प्रोफेसरांचा निरोप घेतला, माझं टेबल दुसऱ्याला दिलं, आणि आळी खणायला लागलो.

गाव जवळ आल्यावर वडील पहिल्यांदा बोलले.

"सुट्टी संपली का कॉलेजात जाय."

मला ऐकून खरंच वाटेना. मी म्हटलं, "बाबा, पण माल तर..."

"जाय म्हणतो न. बी.ए. हो, एम.ए. हो, जेवढं असन तेवढं शिक," ते समोर बघत म्हणाले. "घरी ठिवला त बाग इकशीन. तिथं तुले इकाले काही सापडत नाही."

सुट्टी संपली. मी कॉलेजात गेलो. प्रोफेसर नेहमीसारखे दारात उभे होते. त्यांनी हसून हात पुढे केला.

मी माझे दोन्ही हात पाठीमागे नेले.

"काय झालं हो?" त्यांनी विचारलं.

"काही नाही सर," मी म्हणालो. "माल संपला."