कंपमापकाला हवी शांतता

पॅसाडेनातल्या मोहीम-केंद्रात सकाळच्या बैठकीत थिया लिंडक्विस्ट उभी राहिली ती भांडणाच्या तयारीनेच. मंगळावर उतरलेल्या यानातला कंपमापक तिच्या अखत्यारीत होता आणि तीन महिन्यांत त्याने एकही मंगळकंप नोंदवला नव्हता. सौरपट्ट्यांवर धूळ साचून वीज घटत चालली होती. ज्या उपकरणाकडे दाखवण्यासारखे काही नाही, ते शुक्रवारी कायमचे बंद होणार होते.

"माझा कंपमापक अणूएवढी थरथर टिपतो," ती कडाडली, "आणि तुम्ही त्याच्या उशाशी धिंगाणा घालताय! ग्रेडी, तुझा यांत्रिक हात काल तेरा वेळा हलला. कशाला?"

"फोटो घ्यायला, बाई."

"कसला मेला फोटो?"

"कंपमापकाचा. तूच मागितला होतास."

कोणीतरी फिसकन हसले. थिया आणखी भडकली आणि वाऱ्याचा वेग मोजणाऱ्या वायुमापकाचा प्रमुख मर्विन टॅगार्ट याच्याकडे वळली. "तुझ्या यंत्राची वीज माझ्या नोंदीत डासासारखी गुणगुणते. बंद कर ते!"

"थिया, बंद केलं तर तुलाच जड जाईल."

"धमकी देतोस?"

"माहिती देतोय."

"माहिती नको, सही हवी!"

कोणतेही उपकरण त्याच्या प्रमुखाच्या सहीशिवाय बंद करता येत नसे. मर्विनने कागद फाटेल इतक्या जोरात सही केली. "घे. बस ऐकत एकटीच!"

बुधवारी यानावर कंपमापकाखेरीज सारे निश्चल होते. गुरुवारी नोंद आली: आधी बारीक लहर, मग मोठी, मग संथपणे विरत जाणारी. थियाने तीनदा तपासली आणि मोहीमप्रमुख ओकुमुराबाईंच्या खोलीत धडकली.

"मंगळकंप!"

ओकुमुराबाईंनी चष्मा वर सरकवला. "सुरेख आहे. वाऱ्याच्या झोताने यान हललं नसेल कशावरून?"

"वारा नव्हताच!"

"वाऱ्याची नोंद दाखव."

ती नोंद ठेवणारे यंत्र थियानेच बंद करवले होते.

"पुरावा आणायला दोन आठवडे देते," ओकुमुराबाई म्हणाल्या. "त्यापुढे नाही."

पाचव्या मिनिटाला ती मर्विनच्या दारात होती. "चालू कर तुझं यंत्र!"

"करतो की. पण आता सही तुझी लागेल. वीज तुझ्या वाट्यातून जाणार."

"किती?"

"निम्मी. तुझा कंपमापक निम्मा वेळ झोपेल."

थियाने दातओठ खात सही केली. "आणि मी झोपेत असताना कंप आला तर?"

"तर त्या वेळी वारा नव्हता," मर्विन शांतपणे म्हणाला, "हे मी छातीठोकपणे सांगेन."