थोरल्यांचा मान आधी

"माझ्या कामात चूक काढणारा माणूस अजून जन्माला यायचाय!" असं निमेष धोळकिया अख्ख्या भावनगरात सांगत फिरायचा. गाठियाच्या दुकानावरच्या खोलीत बसून त्यानं दवाखान्यांच्या, शाळांच्या, झालंच तर एका स्मशानसमितीच्याही वेबसाइट बनवल्या होत्या. कुठूनही तक्रार नव्हती. स्मशानातून तर अजिबातच नाही!

पण त्याची खरी कीर्ती होती समाजाच्या लग्नाच्या वेबसाइटमुळे. तिचे नियम समाजाचे प्रमुख जयसुखभाई यांनी घालून दिले होते. मुलांना फक्त मुली दिसणार आणि मुलींना फक्त मुलगे. उगाच आपसात डोकावणं नको. आणि यादी वयानं लावायची, सगळ्यांत थोरलं सगळ्यांत वर.

"आपल्याकडे धाकट्याचं उरकून थोरल्याला ताटकळत ठेवत नाहीत," जयसुखभाईंनी बजावलं होतं. "थोरल्यांचा मान आधी!"

निमेषनं अगदी तसंच करून दिलं. पटापट लग्नं जमू लागली. राहिला फक्त निमेष! छत्तिशी उलटलेली, स्वतःची माहिती त्यानं पहिल्याच आठवड्यात भरलेली, दोन वर्षं होत आली, पण एका मुलीकडून साधी विचारणा नाही. ज्योतिषानं पोवळं घालायला लावलं. त्याच्या बानं, म्हणजे आईनं, नवस म्हणून चहा सोडला. भावनगरात चहा सोडणं म्हणजे संन्यासच की! तेव्हापासून बा दिवसभर करवादलेली असायची.

"साऱ्या गावाची लग्नं लावतोस मेल्या, तुझंच कसं रे जमत नाही?"

"बा, हल्लीच्या मुलींना गुण कळत नाहीत."

"गुण राहू देत. टक्कल कळतं त्यांना. फोटो बदल!"

फोटोही बदलून झाले. शेवटच्या फोटोत तर त्यानं टोपी घातली होती.

अशात एका सकाळी एक बाई धाडधाड जिना चढून वर आली. निमेषचा गाठिया तोंडाशी आणलेला तसाच राहिला.

"वेबसाइटवाले तुम्हीच ना? मी उर्मी सांघवी. शाळेत गणित शिकवते. दोन वर्षं झाली माझी माहिती भरून, आणि मी तुमच्या यादीतच नाही!"

"अशक्य! काहीतरी भरायचं राहिलं असेल तुमच्याकडून, बेन."

"काही राहिलेलं नाही! माझ्या भाभीनं तिच्या भावासाठी मुली बघायला यादी उघडली, तेव्हा कळलं. इकडे घरी माझ्या पत्रिकेची शांत झाली, मला गुरुवार करायला लावले, आणि सगळे वर मलाच सांगतात की तुझा स्वभाव भोवतोय म्हणून!"

"हे बघा बेन, माझ्या कामात चूक काढणारा माणूस..."

"दाखवा," असं म्हणून उर्मी खुर्ची ओढून बसलीच.

निमेषनं पीएचपीतला तो प्रोग्राम उघडला. डेटाबेसमधून नावं वयाप्रमाणे बरोबर येत होती, उर्मी सगळ्यांत वर. पानावर मात्र सुरुवात दुसऱ्या नावापासून! तो एकेक ओळ वाचत गेला आणि एका ओळीपाशी अडकला. उद्घाटनाच्या दिवशी यादी रिकामी होती, त्यामुळं जयसुखभाईंपुढं नुसतं पांढरं पान उघडलं होतं. ते इतके भडकले, की निमेषनं घाईघाईत एक तपासणी घुसडून दिली: आधी पहिलं नाव उचलून बघायचं, कुणी आहे ना? असलं तरच यादी दाखवायची. पण उचललेलं नाव तिथंच बाजूला पडत होतं, आणि यादी उरलेल्यांची दिसत होती!

"म्हणजे नेमकं काय झालं?" उर्मीनं विचारलं.

"म्हणजे बघा बेन, पहिलं ताट आपण ठाकोरजींना दाखवतो ना? तसं. पहिलं ताट देवाला, पंगत दुसऱ्यापासून."

"अहो, ठाकोरजीसुद्धा ताट परत देतात! प्रसाद होऊन ते पंगतीत येतं! मी दोन वर्षं देवापुढंच झाकलेली?"

निमेषनं पुन्हा प्रोग्राममध्ये डोकं खुपसलं.

"आणि मुलांची यादी? तिचा प्रोग्राम वेगळा आहे?"

"छे, तोच. नुसती नक्कल करून मुलींच्या जागी मुलगे..." त्याचा आवाज मध्येच विरला.

"मग मुलांमधलाही पहिला गायब असणार," गणिताच्या बाईंनी उत्तर काढलं. "कोण तो बिचारा?"

निमेष बोटातल्या पोवळ्याकडे बघत राहिला. पोवळं, टोपी, बाचा चहा! मंगळ बापडा निर्दोष होता. हे दोघं वरून हलत नव्हते, म्हणून बाकी कुणाला झळही लागली नव्हती. आणि यादी उघडताच जी सगळ्यांत आधी दिसायला हवी होती, ती ही बाई त्यानं आज पहिल्यांदा पाहिली. स्वतःच्या कानाखाली वाजवावी असं त्याला फार वाटलं, पण ते परक्या माणसासमोर बरं दिसलं नसतं.

मुकाट्यानं त्यानं प्रोग्राम दुरुस्त केला.

"आता तुमच्या फोनवर मुलांची यादी उघडा, उर्मी..." पुढचं 'बेन' त्यानं गिळून टाकलं.

उर्मीनं उघडली. सगळ्यांत वर टोपीतला निमेष! तिनं फोटो पाहिला, समोरचं टक्कल पाहिलं आणि खालची माहिती मोठ्यानं वाचली, "स्वभाव: प्रत्येक काम दहा वेळा तपासून बघणारा!" मग ती अशी हसत सुटली, की खालचा गाठियावाला झारा हातात घेऊन जिन्यापर्यंत आला.

"खोडून टाकतो ते," निमेष पुटपुटला.

"राहू द्या," डोळे पुसत उर्मी म्हणाली. "माझ्या माहितीत 'शांत स्वभाव' लिहिलंय."

संध्याकाळी निमेषनं घरी सगळं सांगितलं. उर्मीच्या घरी रविवारी बोलावलंय, हेही सांगितलं. बा आधी उठली, चहाचं आधण ठेवून आली आणि मग तिनं तोंड सोडलं. निमेषनं मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं.

"पण बा, काही म्हण," शेवटी तो हळूच म्हणाला, "माझ्या कामात चूक काढणारं कुणीतरी जन्माला आलं एकदाचं!"

"मेल्या, ती कधीचीच जन्माला आली होती," बशीत चहा ओतत बा कडाडली. "तूच लपवून ठेवली होतीस!"