उस्तादांचं हो हो

नव्या ट्रकची किल्ली हातात आली तेव्हा उस्तादांनी ती आधी शर्टाला पुसली. सव्वीस वर्षं त्यांनी जो ट्रक चालवला, त्याचं दार आतून उघडायला खिडकीतून बाहेर हात घालावा लागे. हा मात्र स्वतःच सगळं बघणारा ट्रक होता.

"काका, पांढरी रेघ ओलांडलीत की सीट थरथरेल," ट्रकमध्ये ही यंत्रं बसवणारी कॅमेरेवाली मुलगी शेजारी बसून समजावत होती. "पुढची गाडी फार जवळ आली की ब्रेक आपोआप लागेल. हा कॅमेरा तुमच्या डोळ्यांवर नजर ठेवेल. पापण्या मिटायला लागल्या की यातली बाई विचारेल, झोप येतेय का? तुम्ही नीट ऐकून हो किंवा नाही म्हणायचं. कळलं ना?"

"हो हो," उस्ताद स्टिअरिंगवरून हात फिरवत म्हणाले.

इथेच तिला शंका यायला हवी होती. पण तिचं अजून लग्न झालेलं नव्हतं.

उस्तादांचं लग्न तीस वर्षं मुरलेलं. बाईमाणसाचा आवाज कानावर पडला की त्यांच्या तोंडून आपसूक 'हो हो' निघे. नळ गळतोय, हो हो. आत्याबाईंना फोन करा, हो हो. नळ अजून गळत होता आणि आत्याबाई रुसून बसल्या होत्या. माणूस लाखातला, फक्त ऐकायचं खातं त्यांनी बंद ठेवलं होतं.

निघताना साहेबांनी बजावलं, "एका फेरीत पाचदा झोप कबूल केलीत, तर गाडी दुसऱ्याला. तुम्ही गेटवर बसून गाड्यांचे नंबर लिहायचे." हा नियम पुरुषाच्या आवाजात सांगितल्यामुळे त्यांनी तो पूर्ण ऐकला होता.

उस्तादांचे डोळे जन्मापासूनच मिचमिचे. त्यात ऊन समोरून आलं.

"तुम्हाला झोप येत आहे का?" बाईने विचारलं.

"हो हो."

ट्रक आपला आपण हळू झाला, मागचे दिवे लुकलुकले. बाईने गाडी बाजूला घ्यायला लावली आणि पंधरा मिनिटं इंजिन काही सुरू होईना. मोठ्या गाडीचे मोठे नखरे, असं म्हणत उस्ताद पाय पसरून बसले. वीस मिनिटांनी पुन्हा तेच. चौथ्या खेपेला तर वेळ जाईना म्हणून ते खरंच झोपले.

दुपारी बायकोचा फोन गाडीच्या स्पीकरवर वाजला. "अहो, पोचलात का?"

"वाटेतच आहे गं."

तेवढ्यात मधाळ आवाज आला, "तुमचे डोळे मिटत आहेत. तुम्हाला झोप येत आहे का?"

"हो हो."

पलीकडचा आवाज चढला. "कोण ती?"

"अगं, गाडीतली. दिवसभर माझ्या डोळ्यांत बघत असते. तिला ठेवलंच त्यासाठी आहे!"

फोन कट झाला.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या टेबलावर कॅमेरेवालीने आणलेला कागद होता आणि ती शेजारीच उभी होती. "अकरा वेळा, उस्ताद! यंत्राने विचारलं, झोप येतेय का, अकराही वेळा तुम्ही हो म्हणालात! आता मी काय करू?"

उस्तादांचा चेहरा पडला. ते खिडकीतून नुसते आपल्या ट्रककडे बघत राहिले. एवढ्यात दारात त्यांची बायको उभी राहिली. ती 'तिला' बघायला आली होती. साहेबांचं बोलणं ऐकून तिच्या डोक्यात प्रकाश पडला आणि राग पार उतरला.

"साहेब, यांच्या हो होला काही अर्थ नसतो. बघा हं. अहो, उद्यापासून स्वयंपाक तुम्ही करणार ना?"

"हो हो," उस्ताद खिडकीतून नजर न काढता म्हणाले.

"आणि भांडीही?"

"हो हो."

साहेब खो खो हसले, आणि मग का कोण जाणे एकदम गंभीर झाले. त्यांचंही लग्न झालेलं होतं.

"मग प्रश्नच बदलते," कॅमेरेवाली म्हणाली. "पण ज्याला हो हो चालणार नाही, असा प्रश्न कुठला?"

"तो मी तीस वर्षं विचारतेय. द्या इकडे." ट्रकमधल्या बाईऐवजी आपला आवाज भरायला बायकोने कॅमेरेवालीचा माइक तोंडाजवळ घेतला. मग दारातून रोज म्हणायची तेच म्हणाली, "अहो, झोप आली तर थांबा. उशीर झाला तरी चालेल, पण नीट या." आणि लगेच आवाज चढवून, "मी आत्ता काय म्हणाले?"

उस्ताद दचकले. हे वाक्य त्यांनी हजारदा हो हो करून उडवलं होतं. आज पहिल्यांदा ते कानाच्या आत गेलं, आणि त्यांना उगाच चष्मा पुसावासा वाटला.

"झोप आली तर थांबा," ते हळूच म्हणाले. "उशीर झाला तरी चालेल, पण नीट या."

साहेबांनी तो अकरा हो होंचा कागद फाडून टाकला.

पुढच्या फेरीत ट्रकने सात वेळा विचारलं आणि उस्तादांनी सातही वेळा अक्षर न चुकता सांगितलं. संध्याकाळी घरी येऊन ते पाना घेऊन नळाखाली बसले. बायको शेजारीच कपड्यांच्या घड्या घालत होती.

"दिवसभर तुझा आवाज सोबत होता," नळाकडे बघतच ते म्हणाले. "फार बरं वाटलं गं."

"हो हो."

उस्तादांनी पाना खाली ठेवला. "मी आत्ता काय म्हणालो?"

"नाही ऐकलं बाई. परत सांगा," ती म्हणाली, आणि हातातल्या टॉवेलची तिसऱ्यांदा घडी घालू लागली.