मुक्त ये

कुठलीही गोष्ट खुली करायची तर आधी तिला दार बसवावं लागतं, आणि दारापाशी एक जबाबदार माणूस लागतो. या जबाबदारीतून खुलेसाहेबांना मिळणार होतं ते असं: स्वतंत्र केबिन, मान टेकता येईल अशी खुर्ची आणि कोपऱ्यात एक झाड. (झाड प्लास्टिकचं निघालं. त्याला पाणी घालणारा शिपाई मात्र खरा होता, आणि तो रोज घालायचा.)

खुले हे त्यांचं आडनाव नव्हे. लोकांचे फोटो, पत्रं आणि आवाज सांभाळून ठेवणाऱ्या एका बड्या कंपनीत ते 'खुलेपणा विभागा'चे प्रमुख होणार, हे कळताच कॅन्टीनने त्यांचं बारसं उरकून टाकलं होतं.

झालं होतं असं की, एका कंपनीकडे ठेवलेली चीजवस्तू दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नाही, अशा तक्रारी सरकारकडे फार झाल्या. सरकारने तत्परतेने सगळ्या कंपन्यांना बोलावलं आणि सर्वांना लागू होईल असं एक खुलं मानक तयार करायला सांगितलं. ते कुणी लिहावं, यावर वाद झाला नाही. कुलपांची माहिती कुलूप लावणाऱ्यालाच सर्वांत जास्त असते, हे तज्ज्ञांनाही मान्य होतं. काम खुलेसाहेबांकडे आलं.

मसुदा चांगला होता, असं आजही म्हणावं लागेल. त्यातलं मुख्य कलम होतं: 'ग्राहकाच्या माहितीला सर्व सेवांमध्ये मुक्त ये-जा.' छपाईत पान सात 'ये-' वर संपलं आणि 'जा' पान आठवर गेला. पान आठवर काही आकृत्या होत्या, त्या अपुऱ्या होत्या; म्हणून ते पान परिशिष्टात गेलं आणि परिशिष्ट यथावकाश प्रसिद्ध करायचं ठरलं. उरलेली आडवी रेघ कंपनीच्या वकीलबाईंनी खोडली आणि तिथे पूर्णविराम दिला. 'मुक्त ये.' वाक्य थोडं प्रेमळ झालं, इतकंच.

"बाई, जा राहिला," खुलेसाहेब म्हणाले.

"साहेब, सकाळी घरातून निघताना तुम्ही काय म्हणता?"

"येतो म्हणतो."

"जातो का नाही म्हणत?"

"आई रागावते."

"मग झालं तर. आपल्या भाषेत 'ये' मध्ये 'जा' आलाच की. उगीच कशाला तोंडाने अभद्र बोलायचं?"

मसुदा मंजूर करायला बसलेल्या समितीने बाक वाजवले. प्रतिस्पर्धी कंपन्यांचे लोकही वाजवत होते. 'भाषेच्या परंपरेचा मान राखण्यात आला,' अशी इतिवृत्तात नोंद झाली. मसुदा महिनाभर जनतेच्या हरकतींसाठी खुला ठेवला. एक हरकत आली: मुखपृष्ठाचा निळा रंग उदास वाटतो. तो उजळ करण्यात आला.

पहिल्या वार्षिक अहवालानुसार येणाऱ्यांची संख्या वाढली, सोडून जाणारा एकही नव्हता आणि समाधान शंभर टक्के होतं. (असमाधान नोंदवायची जागा सेवा सोडण्याच्या अर्जात होती. तो अर्ज पान आठवर.)

अशा भरभराटीच्या दिवसांत खुलेसाहेबांची आई धाकट्या मुलीकडे कायमची राहायला गेली. मुलीला दिवस गेले होते. आईने साड्या नेल्या, चष्मा नेला, गुडघ्यांचं तेल नेलं. राहिला तो नवऱ्याचा आवाज. खुलेसाहेबांचे वडील वारले तेव्हा घरातल्या, कंपनीच्याच यंत्रात त्यांचं एकच वाक्य शिल्लक होतं: "अगं, माझा चष्मा कुठं ठेवलास?" आई रोज चहा घेताना ते लावायची आणि म्हणायची, "कपाळावर आहे." मग चहा प्यायची.

मुलीकडचं यंत्र दुसऱ्या कंपनीचं होतं. त्याने असा कुणी गृहस्थ ओळखत नसल्याचं सांगितलं.

"अरे, तू काहीतरी खुलं केलंयस ना? पेपरात फोटो होता तुझा," आई फोनवर म्हणाली. "मग यांना पाठव की इकडे. चहा जात नाही रे."

दुसऱ्या यंत्रावर आवाज टिपून घ्यावा, तर टिपू लागताच तो मुका होत असे. (ग्राहकाच्या सुरक्षिततेसाठी. पान नऊ, सूचना खुलेसाहेबांचीच.) शेवटी आईने कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. तिथल्या यंत्राने विचारलं, "आपण काय करू इच्छिता?" आई सवयीने म्हणाली, "बरं, येते हं." यंत्राने तिचं स्वागत केलं आणि तिच्या नावे दुसरं खातं उघडलं. आईने आणखी अदबीने सांगितलं, "येते मी आता." तिसरं उघडलं.

"आई, जाते म्हण गं," खुलेसाहेबांनी तिला फोनवर सुचवलं.

"यांना सांगू, जाते म्हणून? ते एकदा गेले तेवढं पुरे आहे."

तेव्हा खुलेसाहेबांनीच तिच्या वतीने "जाते" म्हणून पाहिलं. यंत्राने नम्रपणे कळवलं की हा शब्द मानकात नाही.

पान आठ त्यांच्याच खणात होतं. प्रसिद्ध करायला एक सही पुरली असती. सही झाली की खुलेपणा पूर्ण झाला असता, आणि पूर्ण झालेल्या कामाला विभाग लागत नाही, केबिन लागत नाही. खुलेसाहेबांनी दार लावून घेतलं, पान बाहेर काढलं, पुष्कळ वेळ पाहिलं. मग उठून झाडाला पाणी घातलं आणि खण बंद केला.

पंधरवड्याने आई पिशवी घेऊन दारात उभी. "येते म्हणून गेले होते, आले," म्हणाली. मुलीचं बाळंतपण शेजारणीने केलं. पुढच्या अहवालाच्या उजळ निळ्या मुखपृष्ठावर आईचा फोटो होता, खाली ओळ: 'स्वेच्छेने परतलेल्या ज्येष्ठ ग्राहक.'

तर एकूण गोळाबेरीज अशी. कंपनीला एका बाईची तीन खाती मिळाली. वकीलबाईंना बढती मिळाली. खुलेसाहेबांची केबिन राहिली आणि आईही घरी आली, म्हणजे त्यांचा दुहेरी फायदा. आईने नातवाचं पहिलं वर्ष देऊन रोजचा चहा सोडवून घेतला.

राहिलात तुम्ही. मसुदा महिनाभर तुमच्यासमोर होता. त्यात पान सातनंतर थेट पान नऊ होतं. तळाशी 'वाचलं, समजलं, मान्य आहे' असं लिहिलंय, त्यावर तुमचं बोट आहे. ती निळ्या रंगाची हरकतसुद्धा तुमची नव्हती. असो. आता निघाल, तेव्हा काय म्हणता ते जरा जपून म्हणा.