बुबाईला चहा लागतो

शोभायात्रेत सर्वांत पुढे घोड्यावर कोण बसणार, हा प्रश्न कलकत्त्यातल्या मराठी मंडळाच्या बैठकीत निघाला आणि जयप्रकाश देवस्थळींनी घसा खाकरला. शेजारी बसलेल्या सुचित्राबाईंनी त्यांना कोपराने ढोसलं, पण उशीर झाला होता.

"कॉलेजात एनसीसीच्या घोडदळात होतो मी," जयप्रकाश म्हणाले. "एकदा मांड जमली ना, की जन्मभर सुटत नाही."

चिटणीस चारुदत्त कानिटकर खूश झाले. यंदा पाडव्याची शोभायात्रा बागबाजारातून काढायची, ही त्यांची कल्पना. पूर्वी मराठी घोडेस्वारांच्या धास्तीने शहराने जिथून खंदक खणायला घेतला, तिथूनच या खेपेला एक मराठी घोडेस्वार पोलिसांची रीतसर परवानगी काढून आत शिरणार होता. "फक्त दहाच्या आत रस्ता मोकळा करून द्यायचाय," ते म्हणाले. "नाहीतर पुढच्या वर्षी परवानगी विसरा."

दोघं बेहाल्याला घरी पोचली. कुलूप काढताना सुचित्राबाई म्हणाल्या, "लग्नापासून घोड्याच्या गोष्टी ऐकतेय. आता निदान घोडा तरी दिसेल."

जयप्रकाशांना हे झोंबलं. त्यांच्या गोष्टी खऱ्या होत्या, हीच तर अडचण होती. खोट्या असत्या तर त्यांनी आयत्या वेळी आजाराचं निमित्त काढलं असतं. पण आता बायकोसमोर खरं ठरायचं होतं, आणि रेल्वेच्या गार्डन रीचच्या ऑफिसात खुर्चीवर बसून बसून त्यांना स्कूटरवरही नीट टांग टाकता येत नव्हती.

रविवारी ते मैदानाजवळच्या एका लहानशा रायडिंग क्लबात हजर झाले. तिथल्या उंच तांबड्या घोड्यावर ते एका बाजूने चढले आणि दुसऱ्या बाजूने उतरले. मधे थांबायचं काही जमलं नाही. तेव्हा प्रशिक्षक हालदारबाबूंनी एक तरुण तट्टू पुढे आणलं. कलकत्त्यात जन्मलेल्या प्रत्येकाला एक घरगुती लाडकं नाव असतंच, त्यातून हे तट्टूही सुटलं नव्हतं. त्याचं नाव बुबाई.

"ये अभी कच्चा है," हालदारबाबू म्हणाले. "आप भी थोड़ा कच्चा हो गया. दोनों साथ में सीखेगा."

मग रोज सकाळी शिकवणी सुरू झाली. पहिले काही दिवस जयप्रकाशांनी ऑफिसातल्या मीटिंगा उभ्याने केल्या आणि रात्री सुचित्राबाईंनी कोमट खोबरेल चोळलं. पण हळूहळू मांड बसली. ते काटकुळे असल्यामुळे बुबाईलाही त्यांचं ओझं नव्हतं. चालणं, वळणं, थांबणं तो चटाचट शिकला. फक्त मधेमधे जयप्रकाशांची कंबर धरायची. उतरावं तर पुन्हा चढायला स्टूल लागायचं. त्यामुळे चहाची टपरी दिसली की ते वरूनच हात पुढे करायचे, मातीच्या इवल्याशा पेल्यातला चहा संपवायचे आणि पुढे निघायचे. मैदानाच्या आसपास टपऱ्यांना तोटा नव्हता आणि जयप्रकाशांना चहाचा कंटाळा नव्हता.

पाडव्याच्या सकाळी पगडी, अंगरखा आणि कमरेला तलवार अशा थाटात ते बागबाजारात बुबाईवर बसले. मागे ढोल, लेझीम, नऊवारीतल्या बायका. सुचित्राबाई पहिल्याच रांगेत होत्या. ढोल वाजला, बुबाई डौलात निघाला आणि पहिल्याच टपरीपाशी खांबासारखा उभा राहिला.

"चल राजा," जयप्रकाश पुटपुटले. राजा हलेना. मागे लेझीमवाल्या एकमेकींवर आदळल्या. टपरीवाल्याला काय वाटलं कोण जाणे, त्याने चहाचा पेला वर धरला. जयप्रकाशांनी तो घाईने संपवला आणि बुबाई चालू लागला.

"याला सवय लागलीय," जयप्रकाश ओशाळून म्हणाले.

"सिखाया तो आप ही ने," बुबाईच्या बाजूने चालणारे हालदारबाबू म्हणाले.

बागबाजारात दोन टपऱ्यांच्या मधे तिसरी टपरी असते. प्रत्येक ठिकाणी बुबाई थांबला आणि प्रत्येक ठिकाणी जयप्रकाशांनी चहा घेतला. बघ्यांची गर्दी वाढली. मागे मोटारींचे हॉर्न वाजू लागले. चारुदत्त घड्याळाकडे बघून घाम पुसत होते. शेवटी व्हायचं तेच झालं. इतका चहा पोटात फार वेळ राहत नाही. जयप्रकाश खाली उतरले आणि त्यांनी समोरच्या घराची कडी वाजवली. दार उघडणाऱ्या म्हाताऱ्या बाईंनी पगडी पाहिली, तलवार पाहिली, आणि शहराचा जुना अनुभव विसरून त्यांना न्हाणीघराची वाट दाखवली.

"वहिनी, संपलं सगळं," चारुदत्त रडकुंडीला आले. "पोलीस यायला लागलेत."

"ते बाकडं द्या इकडे," सुचित्राबाई म्हणाल्या आणि टपरीच्या बाकड्यावरून थेट बुबाईवर बसल्या. लगामाचं काय करायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांनी तो तसाच सैल सोडला आणि दोन्ही हातांनी आयाळ धरली. बुबाई निघाला. पुढची टपरी आली आणि गेली. त्याच्या पुढचीही गेली.

जयप्रकाश बाहेर आले तेव्हा रस्ता मोकळा होता. तलवार सावरत, धापा टाकत त्यांनी शोभायात्रा गाठली, तेव्हा ती वेळेत पोचून पेढेही वाटून झाले होते.

"तू बसल्यावर कुठेच नाही थांबला हा?" त्यांनी विचारलं.

"नाही. का थांबेल? बसा बरं पुन्हा."

जयप्रकाश बसले आणि बुबाई चालू लागला. समोर टपरी दिसताच त्यांची नजर किटलीकडे गेली, पाठ मागे झुकली आणि लगाम धरलेले हात आपोआप पोटाशी आले. बुबाई जागच्या जागी थांबला. हालदारबाबू डोकं खाजवत दुसरीकडे बघू लागले.

जयप्रकाशांनी आपल्या हातांकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. सुचित्राबाईंना मात्र त्यांच्याबद्दल माया वाटली.

"अहो, घोडा उत्तम शिकवलात तुम्ही. इतक्या गर्दीत तो तुमचंच ऐकत होता. तुमच्या गोष्टी खऱ्या होत्या हो."

हे ऐकायला जयप्रकाशांनी इतकी वर्षं वाट पाहिली होती. त्यांचे डोळे पाणावले. "पुढच्या वर्षी बघ तू," ते म्हणाले, "एकदाही थांबणार नाही मी."

"पुढच्या वर्षीचं चारुदत्तांनी मला आत्ताच विचारलं," बुबाईची मान थोपटत सुचित्राबाई म्हणाल्या. "उद्यापासून मैदानावर मी येतेय. तुम्ही थर्मास घेऊन चला."