तिथीचा जोडीदार

नारायणमामा पंगतीत बसले की पानाकडे नंतर पाहत, आधी माणसं मोजत. चाळीसएक भरली की शेजाऱ्याला म्हणत, "लावता पैज? यातल्या दोघाईची जन्मतिथी एकच निघती. हरलो तर माझा लाडू तुमचा."

वसमतला आमच्या भिंतीला भिंत लावून मामा एकटेच राहत. हळदीच्या आडतीवर काट्यावर माल तोलत. निजामाचा अंमल होता. तारखा कचेरीत, घरात तिथ्या.

नवखा माणूस हमखास पैज लावी. "वर्षाच्या तिथ्या तीनशे साठ, माणसं चाळीस. कशी जुळंल?"

"तुमी आपल्या तिथीचा माणूस हुडकून राहिले," मामा म्हणत. "मी कोनतेबी दोघं हुडकतो. हरेकाची बाकी हरेकाशी जोडी लावून बघा, किती जोड्या होतेत."

मग विचारणं सुरू. कुणी पोळ्याच्या आसपास म्हणालं की मामा त्याला बाद करत. "आसपास नगं, बराबर सांगा." काट्यावरची सवय. तरी जोडी बहुधा निघेच. जिंकलेला लाडू ते त्या दोघांत अर्धा अर्धा वाटून टाकत.

पंगतीत वाढता वाढता मी एक पाहिलं. पैज जिंकल्यावरही मामा शेवटच्या पानापर्यंत विचारत जात. एकदा कढी वाढताना मी म्हटलंच, "मामा, जिंकलात ना? आता काहून विचारता?"

"सूनबाई, माझी कार्तिक शुद्ध अष्टमी. समद्याईच्या जोड्या निघतेत, माझीच निघंना." मग म्हणाले, "माय गेल्यापासून त्या दिवशी पाटावर बसलो न्हाई. बिनकामाचं कोनाच्या घरी जाऊन कसं म्हनावं, मला ओवाळा? जोडीदार असला तर त्याच्या बाजूला बसता येतं." आणि वाटी पुढं केली.

घरात पाट होते, तेलवात होती. त्या कार्तिकात अष्टमीला मी दोन पाट मांडले, एकावर सासूबाईंना बसवलं आणि भिंतीपलीकडे हाक दिली.

मामा दारातच थबकले. "काकू, तुमची तिथी कोनती?"

"लिहून ठेवली कोनं?" सासूबाई म्हणाल्या. "माय म्हनायची, दिवाळीच्या आसपास झालीस."

मी निरांजन धरून उभी. मामांचं पुढचं वाक्य आम्हां सगळ्यांना पाठ होतं.

मामांनी टोपी सारखी केली आणि रिकाम्या पाटावर येऊन बसले.

"बराबर हाय," म्हणाले.